अठ्ठावन्न सालचं स्टेशन

१

नाश्ता झाला की एगोन ट्राउटवाइन रेल्वेची जुनी टोपी डोक्यावर चढवी, भिंग आणि चिमटा खिशात टाकी आणि जिना उतरून मालगोदामात तपासणीला जाई. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती. तपासणी संपली नव्हती.

हिर्शेनब्रूकचं स्टेशन जर्मन कैसरच्या काळातलं. लाल दगडाचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं आणि गावाच्या मानाने फार मोठं. ड्यूकसाहेबांना बसण्यासाठी त्यात वेगळी खोली बांधली होती. ड्यूक एकदाच आले आणि त्यांची गाडी थांबलीच नाही. एगोनने उभा जन्म या स्टेशनात तिकिटं विकली होती. आता तो वरच्या मजल्यावर, स्टेशनमास्तरच्या जुन्या घरात, बायकोबरोबर राहत होता. शेजारचं मालगोदाम रेल्वे-मॉडेल मंडळाकडे होतं. मंडळाने हेच स्टेशन लाकूड, पुठ्ठा आणि प्लास्टरमध्ये पुन्हा उभं केलं होतं. पन्हाळी, पायऱ्या, दारांच्या मुठी, सगळं होतं. माणसं बोटाच्या पेराएवढी.

एगोन अध्यक्ष होता. नियम त्याचा होता. हे स्टेशन १९५८ सालच्या उन्हाळ्यातलं. त्या साली जे इथे नव्हतं, ते मॉडेलवर नाही. या छंदातली माणसं सालाच्या बाबतीत कडकच असतात. एगोन त्यांच्यातही कडक होता. मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. एगोनला कोणी करत नसे. तो ‘हेर’, म्हणजे श्रीयुत होता, आणि बायकांना तो ‘फ्राऊ’, म्हणजे श्रीमती म्हणे.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्याला मॉडेलच्या छपरावर काहीतरी पांढरं दिसलं. त्याने भिंग लावलं.

“फ्राऊ फाफ, हे काय आहे?”

गुडरून फाफ जन्मभर कबरस्तानात माळीण होती. मंडळाची झाडं तीच बनवी. यंदा तिने छप्परही केलं होतं.

“छप्पर,” ती म्हणाली.

“छपरावर काय आहे?”

“डिश. तुमचीच आहे. फोटोत होती.”

“फोटो कुठल्या सालचा?”

“मागच्या उन्हाळ्यातला... अगं बाई!”

“अठ्ठावन्नमध्ये लोक डिशवर काय बघत होते?”

“एकमेकांची तोंडं,” गुडरून म्हणाली. “म्हणून तर एवढी पोरं झाली.”

एगोन हसला नाही. त्याने चिमट्याने डिश उपटली आणि काढलेल्या चुकांच्या डबीत टाकली.

२

तो वर आला तेव्हा घर शांत होतं. हे बरोबर नव्हतं. या वेळी रोझविता, त्याची बायको, इस्पितळाची एक परदेशी मालिका बघत असे, आणि इतक्या मोठ्या आवाजात की खालच्या फलाटावर उतारूंना रुग्णाची तब्येत कळे. आज ती विणत बसली होती.

“आज मालिका नाही?” एगोनने विचारलं.

“कुठली मालिका?”

“ती डॉक्टरांची. सगळे मरतात ती.”

“एगोन, आपल्याकडे दिसतात तीन वाहिन्या. सकाळी तिन्हींवर माणसं नुसती बोलत असतात. कोणी मेलं तर बरं, असं वाटतं, पण मरत नाहीत. तुला बरं वाटतंय ना?”

एगोन माळ्यावर गेला. झरोक्यातून डोकं बाहेर काढून त्याने छप्पर पाहिलं. डिश नव्हती. वाऱ्याने नेली असेल. पण मग खिळ्यांची भोकं कुठे गेली? कौलांवर जुनं शेवाळ होतं, एकसंध, कोणी कधी हात न लावलेलं.

एगोन रेल्वेचा माणूस. वेळापत्रकात नसलेल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. तो पुन्हा मालगोदामात गेला आणि कोणी बघत नाही असं पाहून त्याने डिश जागेवर चिकटवली.

जिन्यातच त्याला शस्त्रक्रिया ऐकू आली. “रक्तदाब घसरतोय!” कोणीतरी ओरडत होतं.

“आवाज कमी कर,” तो दारातून म्हणाला.

“रोज हेच सांगतोस. रोज मी करत नाही,” रोझविता पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

वाऱ्याने डिश नेली असेल तर वाऱ्यानेच आणून दिली, असा एगोनने निवाडा केला. निवाडा त्याला स्वतःलाच पटला नाही. शिवाय नियमाचा प्रश्न होताच. अध्यक्षाने अठ्ठावन्न सालच्या छपरावर डिश ठेवायची कशी? शेवटी त्याने ती धुराड्यामागे लपवली, समोरून दिसणार नाही अशी. त्या दिवसापासून वर टीव्हीत मुंग्या येऊ लागल्या.

“धुराड्याच्या मागे डिश लावणारा शहाणा कोण?” रोझविता म्हणाली. “तूच असणार.”

३

माणसाने इथे थांबायला हवं होतं. एगोन थांबला नाही. त्याच्या मनात एक वैर होतं.

फलाटावर तिकिटाचं यंत्र होतं. ते आलं, त्याच महिन्यात एगोनची खिडकी फळ्या ठोकून बंद केली. रोज येता-जाता यंत्र त्याच्याकडे बघून टुक असा आवाज करी.

मॉडेलवर ते यंत्र नव्हतं. नसलेलं काढता येत नाही. एगोन दंतवैद्यांकडे गेला.

डॉक्टर हार्टमुट झीसेमर यांनी दवाखाना बंद केला होता, पण त्यातली हत्यारं मंडळात आणली होती. खांबाला रंग देतानाही ते आरशाचा छोटा दांडा वापरत आणि “उघडा, अजून थोडं,” असं पुटपुटत. त्यांचं आणि एगोनचं पटत नसे. एगोनने त्यांच्या हाताने केलेली कितीतरी सुंदर कामं सालावरून डबीत टाकली होती.

“तिकिटाचं यंत्र?” डॉक्टर म्हणाले. “अठ्ठावन्नमध्ये? हेर ट्राउटवाइन, तुम्ही पडलात का कुठे?”

“चाचणीसाठी हवं आहे.”

“कसली चाचणी?”

“अध्यक्षाची.”

डॉक्टरांनी यंत्र केलं. पैसे टाकायची फटसुद्धा कोरली. एगोनने ते मॉडेलच्या फलाटावर चिकटवलं, एक श्वास घेतला आणि उपटून डबीत टाकलं. मग तो बाहेर गेला. म्हाताऱ्या माणसाला शोभेल त्याहून जरा जास्त घाईने.

फलाटावर यंत्र नव्हतं. त्याच्या जागी फरशी होती, आणि फरशीच्या सांध्यांतून वर्षानुवर्षांचं गवत.

एगोनने टोपी सरळ केली. असा आनंद त्याला निवृत्तीनंतर झाला नव्हता. गाडीची वाट बघणाऱ्या एका बाईला त्याने सहज विचारलं, “यंत्र गेलं वाटतं?”

“कसलं यंत्र?”

“तिकिटाचं.”

“तिकीट गार्ड देतो की. पहिल्यापासून.” तिने त्याच्या टोपीकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. “आजोबा, तुमच्याबरोबर कोणी आहे का?”

डॉक्टरांनाही यंत्र केल्याचं आठवत नव्हतं. “मी? या मॉडेलसाठी? माझी बुद्धी अजून तेवढी गेलेली नाही,” ते म्हणाले.

हेही एगोनने सोसलं असतं. जग विसराळू आहे, हे त्याला माहीत होतं. पण संध्याकाळी सूप पिताना त्याने त्या शत्रूचं रूप डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, आणि यंत्राचा रंग त्याला आठवेना. इतकी वर्षं त्याचा द्वेष केला होता. खाली जाऊन डबी उघडली तेव्हा कळलं. लाल.

चमचा हातात तसाच राहिला होता. तो घेऊनच तो खाली आला होता.

४

ख्रिसमसआधीच्या ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी मंडळ लोकांसाठी दार उघडत असे. त्याआधी शेवटची सभा झाली. गुडरूनने टाळ्या वाजवून सगळ्यांना मॉडेलभोवती गोळा केलं.

“अध्यक्षांसाठी भेट आहे. वरच्या मजल्यावर बघा. स्वयंपाकघराची खिडकी.”

एगोनने भिंग लावलं. खिडकीत एक बाई उभी होती. निळा एप्रन, कमरेवर हात, हनुवटी पुढे. कोणीही ओळखली असती.

“रोझविता!” लोक हसले. “ओरडायच्या बेतात आहे!”

एगोनच्या हातातलं भिंग खाली आलं.

“कोणी सांगितलं होतं हे?” तो म्हणाला.

“कोणी कशाला सांगायला हवं? भेट आहे,” गुडरून हिरमुसून म्हणाली. “तुम्हालाही करणार होते, टोपीसकट.”

“मला करू नका.”

मग डॉक्टर झीसेमरांनी घसा खाकरला. असा क्षण त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता, आणि त्यांना ते कळत होतं.

“फ्राऊ ट्राउटवाइन या गावात कधी आल्या, हेर अध्यक्ष?”

एगोनने भिंग खिशात टाकलं.

“एकसष्टमध्ये, नाही का? तुमच्याच लग्नाच्या वाढदिवसाला आपण सगळ्यांनी केक खाल्ला. म्हणजे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात त्या या खिडकीत नव्हत्या. माझी मालगाडी तुम्ही एका दिव्यावरून काढलीत. नियम तो नियम.”

सभेला हसू आवरेना. इतक्या वर्षांत अध्यक्ष पहिल्यांदा सापडला होता.

“साल बदलू,” एगोन म्हणाला.

हसू थांबलं.

“एकसष्ट करू.”

“एकसष्टमध्ये लिंडेनचं झाड तोडलं होतं,” गुडरून म्हणाली. “मी त्याचं पान न् पान लावलंय. एकसष्ट केलंत तर मी तुम्हाला पुरेन. मला जागा माहीत आहेत.”

ठराव पडला. ठरावाच्या बाजूने एकच हात होता, आणि तो अध्यक्षाचा.

“रविवारच्या आत ती बाई काढावी,” डॉक्टर म्हणाले.

“मी बघतो,” एगोन म्हणाला. खरं कारण सांगितलं असतं तर लोकांनी त्याला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं आणि ते फलाटावरच्या त्या बाईसारख्या मऊ आवाजात बोलले असते. त्यापेक्षा त्याला मरण बरं वाटलं. त्याने मॉडेलचं उचलून काढता येणारं छप्पर गोंद लावून पक्कं बसवलं, म्हणजे खिडकीपर्यंत कोणाचा हात पोचणार नाही.

वर आल्यावर त्याने विचारलं, “रोझविता, अठ्ठावन्नमध्ये तू कुठे होतीस?”

“ब्रेमरहाफेनला. बंदरावर माशांची पोटं साफ करत होते.” ती बटाटे सोलत होती. “सुखात होते. का?”

“काही नाही.”

“इतक्या वर्षांनी विचारलंस, म्हणजे काहीतरी आहेच. बस इथे. सोल.”

तो बसला आणि सोलू लागला. तिच्याकडे तो इतका वेळ बघत राहिला, की तिने दोनदा तोंड पुसलं.

५

रविवारी बर्फ पडला होता आणि सकाळपासून मालगोदामात गर्दी होती. गुडरून दारात केक कापत होती. एगोन मॉडेलजवळ पहारा देत उभा होता. मग सिग्नल अडकला, आणि तो खाली वाकून टेबलाखाली तारा बघायला गेला.

उठला तेव्हा त्याला हलकं वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं. काहीतरी काळजी होती खरी. कसली होती?

“झालं,” डॉक्टर झीसेमर शेजारून म्हणाले. “मागच्या भिंतीतून आरसा आणि आकडा घालून काढली. अक्कलदाढेसारखी. तुमच्याने होत नव्हतं, म्हणून मी केलं. रागावू नका.”

“काय काढलं?” एगोनने विचारलं.

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. “काहीतरी... अठ्ठावन्नमध्ये नसलेलं,” ते म्हणाले.

एगोन मान हलवून बाहेर पडला. जेवायला जावं, असं त्याला वाटलं. जिना चढून त्याने दार उघडलं.

घर थंड होतं. टेबलावर एक बशी, एक कप, पावाचा वाळका तुकडा. जमिनीवर चिखलाचे ठसे, जुने आणि नवे. एकट्या माणसाचं घर असतं तसं. खिडकीला पडदा नव्हता. असं का वाटतंय, की असायला हवा होता? उन्हाळ्यात ऊन येतं म्हणून असेल.

चुलीवर पाणी ठेवायला तो पुढे निघाला आणि थांबला. त्याने खाली पाहिलं. तो मोज्यांवर उभा होता. बूट दाराबाहेर होते, नीट, टाचेला टाच लावून.

हे कोणी काढायला लावले?

एगोन विचार करू लागला. त्याचा विचार मालगाडीसारखा असे. सावकाश निघे पण थांबवता येत नसे. जमीन चिखलाने भरलेली. या घरात कोणी बूट काढत नाही. मी एकटा राहतो. मग मी बूट का काढले? आणि काढताना मान खाली का घातली, कोणी ओरडणार असल्यासारखी?

घरात कसलाही आवाज नव्हता. तो ऐकत राहिला. ओरडायला कोणी नव्हतं, आणि त्या न ओरडण्याने त्याचे केस उभे राहिले.

तो तसाच, मोज्यांवर, बर्फातून मालगोदामाकडे धावला.

६

“काय काढलंत?” त्याने डॉक्टरांचा कोट धरला. “दाखवा!”

“हेर ट्राउटवाइन, लोक बघताहेत!”

“दाखवा म्हणतो!”

डॉक्टरांनी वरच्या खिशातून काचेची वाटी काढली. वाटीत एक बाई आडवी पडली होती. निळा एप्रन, कमरेवर हात.

नाव आधी ओठांवर आलं. बाकी सगळं नावामागून आलं: मासे, बटाटे, लग्नाचा केक. एगोनने चिमटा घेतला. छप्पर पक्कं होतं. ते त्यानेच बसवलं होतं. खिडकीत हात जाईना. आणि पुन्हा एकदा विसरायला किती वेळ लागेल, ते त्याला माहीत नव्हतं. समोर गुडरूनची झटपट गोंदाची नळी होती. त्याने तिच्यातला गोंद बाईच्या पायांना लावला आणि सर्वांत जवळच्या जागी, मॉडेलच्या फलाटाच्या कडेला, बाई दाबून उभी केली.

बाहेरून हाक आली. गर्दीच्या आवाजाला भेदून, काचांमधून, थेट.

“एगोऽऽन!”

तो फलाटावर पोचला. रोझविता बर्फात उभी होती, एप्रनमध्ये, घरातल्या सपाता घातलेली.

“मी इथे कशी आले?” ती म्हणाली. “चुलीवर रस्सा आहे. तुझे बूट कुठे आहेत?”

“वर. दाराबाहेर.”

“तेवढं तरी केलंस.” तिने हालचाल करून पाहिली. मग तिचा आवाज बदलला. “एगोन, माझे पाय उचलत नाहीयेत.”

त्याने वाकून पाहिलं. सपातांच्या कडेने काहीतरी चकचकीत, घट्ट झालेलं दिसत होतं. पाय ओढून पाहिला. पाय सपातांतून निघेना. गोंद कुठे संपतो आणि रोझविता कुठे सुरू होते, ते सांगता येत नव्हतं.

एगोनने तिच्या अंगावर आपला कोट टाकला. मालगोदामात परत जाऊन तो डॉक्टरांसमोर उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

“त्या बाईचे पाय सोडवायचे आहेत. पण उचलायचं नाही. जागच्या जागी. फक्त तळाखालून पातं फिरवायचं. माझा हात थरथरतो. तुमचा नाही थरथरत.”

“कशासाठी?”

“कारण विचारू नका. माझी विनंती आहे.”

“काय आहे म्हणालात?” डॉक्टरांनी कान पुढे केला.

“विनंती.”

डॉक्टरांनी डोळे मिटून तो शब्द चाखला. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. फलाटावर फ्राऊ ट्राउटवाइन कमरेवर हात ठेवून उभी होती. त्यांनी मॉडेलकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवीतून सर्वांत पातळ पातं काढलं.

“जरा जरी कलली तरी—” एगोन म्हणाला.

“मी जन्मभर दात काढले आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही जाऊन रुग्णाचा हात धरा.”

एगोनने फलाटावर जाऊन तिचा हात धरला. हात गार पडला होता.

“गुदगुल्या होताहेत,” रोझविता म्हणाली. “टाचेखाली. काय चाललंय हे?”

“हलू नकोस.”

“हलता येत असतं तर—” ती थबकली. डावा पाय सुटला.

तेवढ्यात फलाटावरचा उजेड कमी झाला. ढग आला असावा, असं एगोन स्वतःला म्हणाला. पण कॉफीच्या वासाची एक ऊबदार झुळूक त्याच्या मानेवरून गेली, थांबली आणि उलट फिरली. पुन्हा आली. पुन्हा उलट फिरली. रुळांवरचा बर्फ पाणी होऊन टपकू लागला.

“वर बघू नकोस,” तो म्हणाला आणि त्याने नजर आपल्या ओल्या मोज्यांवर रोवली.

“का नको?”

“नको म्हणतो ना.”

उजवा पाय सुटला. रोझविता त्याच्यावर कोसळली आणि त्याने तिला दोन्ही हातांनी धरलं, कित्येक वर्षांत धरलं नव्हतं तसं. मग तिने, आजवर त्याचं काहीही ऐकलं नव्हतं तसंच हेही न ऐकता, मान वर केली.

तिने डोळे बारीक केले. ती अजून ओरडली नव्हती, याचीच एगोनला जास्त भीती वाटली.

“शी!” ती शेवटी म्हणाली, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी. “नाकातले केस तरी कापावेत माणसाने!”

उजेड एकदम परत आला.

ते दोघं मालगोदामात गेले तेव्हा लोक केक खात होते. डॉक्टर झीसेमर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी रुमाल नाकाला गच्च दाबून धरला होता.